बैल गेला नि झोपा केला? एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडमधल्या पिरब्राइटच्या आवारातून जनावरांच्या रोगाचा विषाणू निसटला आणि तिथल्या लस कारखान्याचा विषाणू हाताळण्याचा परवाना गेला, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "परवाना रद्द करणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. २०२२ मध्ये लम्पीत आमचे बाजार बंद ठेवून आमचंच पोट मारलं. आणि लस कारखान्याचाच परवाना काढला तर लस काय आभाळातून पडणार?"

लसीचा मुद्दा बिनतोड, लेखात तो माझ्याकडून राहिलाच. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या सरे भागात लाळ्या खुरकूत निघाली. विषाणू १९६७ च्या साथीतला, म्हणजे प्रयोगशाळेत जपलेला. बोट गेलं पिरब्राइटच्या आवाराकडे, जिथे सरकारी पैशावरची संशोधन संस्था आणि मेरियल या कंपनीचा लस कारखाना शेजारी शेजारी होते. आणि साथीसाठी तीन लाख मात्रा सरकारनं मागवल्या त्या याच मेरियलकडे!

बाजाराची तुलना मात्र पटत नाही. बाजार बंद होतो तो तुमच्या चुकीमुळे नाही, साथ ओसरली की पुन्हा भरतो. तुमचं नुकसान खरंच, पण परवाना जातो तो जागा सांभाळता आली नाही म्हणून.

इथे जागा म्हणजे जमिनीखालचं एक जुनं गटार. दोन्ही ठिकाणचं सांडपाणी त्यातून जायचं. नळांचे सांधे सरकलेले, आत झाडांची मुळं घुसलेली, मॅनहोल नीट बंद नाहीत. जुलैत मुसळधार पाऊस झाला, आवारात बांधकाम चालू होतं. गटारातून झिरपलेला विषाणू मिसळलेला तिथला चिखल ट्रकच्या चाकांना लागून शेताजवळच्या रस्त्यापर्यंत गेला असावा, असा चौकशीचा निष्कर्ष. नळ बदलायला हवेत हे २००३ पासून माहीत होतं, पण पैसे कोणी द्यायचे यावर घोडं अडलेलं.

मग परवाना देणाऱ्यानं तेव्हाच दम का भरला नाही? कारण परवाना देणारं डेफ्रा, म्हणजे ब्रिटनचं शेती नि पर्यावरण खातंच त्या संस्थेचं मोठं गिऱ्हाईक होतं. आपल्याच कामाला टाळं कोण ठोकेल? म्हणून ऑगस्टपुरती तुमची म्हण मान्य.

नोव्हेंबरला ती लागू पडत नाही. मेरियलमध्ये पुन्हा विषाणू गटारात गेल्याचा संशय आला, तो आवाराबाहेर पडला नव्हता. परवाना लगेच निलंबित झाला. एकही जनावर आजारी पडलं नाही. पुढे ही परवाना व्यवस्था तपासणाऱ्या कॅलहॅन समितीच्या शिफारशीवरून तपासणीचं कामही डेफ्राकडून काढून आरोग्य आणि सुरक्षितता पाहणाऱ्या एचएसईकडे दिलं गेलं.