‘झाकण बदला, बॅटरी काढा, टाकीत हवा मारा’: चेक इंजिनच्या त्या मेसेजमध्ये काय चुकलंय

पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ०४४२ किंवा पी ०४५६ हा कोड (टाकीच्या बाजूने वाफ गळतेय असं सांगणारा) दिसला तर तो पेट्रोलच्या झाकणाचाच दोष, नवं झाकण लावा. दिवा गेला नाही तर बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवा. तरी परत लागला तर टायरच्या पंपाने टाकीत हवा भरा आणि साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधा. टाकी कायम फुल ठेवा, म्हणजे वाफच होणार नाही. शिवाय हा पावसाळ्याचा दिवा आहे, ऑक्टोबरात आपोआप जातो, आणि पीयूसी पास असली की काळजीचं कारण नाही.

यातलं एक कलम जीवघेणं आहे. बाकीची खिसा हलका करणारी आहेत.

आधी मुळातला प्रश्न: तुमची गाडी गळती तपासते तरी का? टाकीतली वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवायची आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्वमधून ओढून जाळायची, ही व्यवस्था पेट्रोलच्या सगळ्या आधुनिक गाड्यांत असते. पण बंद टाकीला दाब किंवा व्हॅक्यूम देऊन अर्ध्या मिलिमीटरचं भोक ओळखायचं, ही सक्ती मूळची अमेरिकेतली. तिथे १९९६ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची पद्धत) आलं तेव्हा १ मिमीच्या भोकाचा निकष होता. २००० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियाने तो ०.५ मिमीवर आणायला घेतला. आपल्याकडचं बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक (१ एप्रिल २०२० पासून) युरोपच्या साच्यावर बेतलेलं आहे, आणि त्यात पर्ज व्हॉल्वचं विजेचं सर्किट शाबूत आहे की नाही एवढं पाहणं ही किमान अट आहे. त्यामुळे इथल्या बऱ्याच गाड्यांत टाकीचा प्रेशर सेन्सर नसतो आणि व्हेंट, म्हणजे कॅनिस्टरची हवा आत-बाहेर जायची वाट, बंद करणारा व्हॉल्वही नसतो. स्कॅनरच्या रेडिनेस पानावर (कुठली तपासणी पूर्ण झाली ते दाखवणारं पान) ‘इव्हॅप’, म्हणजे या वाफेच्या व्यवस्थेसमोर ‘नॉट सपोर्टेड’ असेल, तर गळतीचा कोड त्या गाडीत येणारच नाही.

मग दिवा कसला? अशा गाड्यांत बहुधा पी ०४४३, पी ०४४४, पी ०४४५, पी ०४५८ किंवा पी ०४५९ यांपैकी एखादा कोड असतो. हे सगळे पर्ज व्हॉल्वच्या वायरिंगचे कोड, झाकणाचा यांच्याशी काडीचाही संबंध नाही. पर्ज व्हॉल्वचा कनेक्टर काढा आणि पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही चढलंय का बघा. खाऱ्या वाऱ्यात, मिरामार-वास्कोकडच्या गाड्यांत, ते नेहमीचंच. मल्टिमीटरने कॉइल मोजा. पुष्कळ गाड्यांत २० ते ३० ओहम येतात, तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. रीडिंगच आलं नाही तर कॉइल तुटली. हे मोजायला पाच मिनिटं लागतात. ‘इव्हॅप’ शब्द दिसला म्हणून झाकण विकत घेणं म्हणजे दात दुखतोय म्हणून चष्मा बदलण्यासारखं.

आता ज्या गाड्या खरंच गळती तपासतात त्यांच्याकडे वळू. झाकण हे कारण असू शकतं, पण ‘झाकणच’ हे म्हणणं टिकत नाही. झाकण लावायचं राहिलं किंवा अर्धवट फिरवलं तर ते गाडीच्या लेखी भलं मोठं भोक. तेव्हा सहसा पी ०४५५ येतो, काही गाड्यांत पी ०४५७. पी ०४४२ म्हणजे साधारण १ मिमीची गळती आणि पी ०४५६ म्हणजे साधारण ०.५ मिमीची. मेकॅनिकल पेन्सिलीत ०.५ ची शिस घालतो ना, तिच्या जाडीएवढं भोक. एवढी फट झाकणाच्या रबराला चीर गेली तर पडते, हे खरं. पण रबर टेकतं त्या नळीच्या ओठावर गंज चढला असेल तरीही पडते, आणि तिथे नवं झाकण लावलं तरी गळती तशीच राहते. ओठावरून बोट फिरवा. खरखर लागली तर आधी नळीचं बघा. झाकण बदलायचंच असेल तर त्याच मॉडेलचं घ्या. आट्या जुळतात म्हणून घेतलेल्या झाकणातला दाबाचा व्हॉल्व वेगळ्या आकड्यावर उघडणारा असू शकतो.

बॅटरी काढण्याबद्दल. दिवा बऱ्याच गाड्यांत विझतो, हे खरं. कोड पुसला जातो म्हणून विझतो. त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचं तापमान, वेग आणि काही गाड्यांत टाकीतलं पेट्रोल किती होतं, ही नोंद. नेमका तोच पुरावा गॅरेजवाल्याला हवा असतो. दिवा आठवडाभर येत नाही त्याचं कारण तपासणीच झालेली नसते. ही चाचणी व्हायला अटी लागतात: टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली, गाडी सहा-आठ तास उभी राहून पूर्ण गार झालेली, बाहेरचं तापमान साधारण ४ ते ३५ अंश. काही टोयोटा गाड्यांत तर इंजिन बंद केल्यावर पाच तासांनी गाडी स्वतःच चाचणी करते. पर्वरीहून पणजी, दुपारी जेवायला घरी, पुन्हा ऑफिस, असा दिवस असेल तर सकाळची पहिली फेरी सोडून अटी जुळतच नाहीत. आणि दिवा लागायला बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन चाचण्या नापास व्हाव्या लागतात.

‘पावसाळ्याचा दिवा’ यात याच कारणाने थोडं तथ्य आहे. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीच्या इनटेकमधलं (इंजिनात हवा जायच्या नळीतलं) तापमान ३५ च्या वर जातं, चाचणी टळत राहते. जूनमध्ये पारा उतरला की ती पुन्हा सुरू होते आणि जुनीच गळती पकडली जाते. पाऊस दोष आणत नाही, उघडा पाडतो. खरोखर पावसाने येणारे दोष वेगळे: चिखलाने तुंबलेला व्हेंट फिल्टर, गंजून अर्धवट अडकलेला व्हेंट व्हॉल्व, आडोशाला आलेल्या उंदरांनी कुरतडलेला रबरी पाइप. व्हेंटच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घरही करते. डिचोली-सांग्याकडे खाणीची तांबडी धूळ फिल्टरमध्ये बसते आणि पहिल्या पावसात तिचा लगदा होतो. यातलं ऑक्टोबरात आपोआप काही जात नाही.

आता ते जीवघेणं कलम. टायरच्या पंपाची हवा टाकीत मारू नका.

इव्हॅपची चाचणी सुमारे अर्धा पीएसआय (टायरची हवा मोजतो तेच एकक) दाबावर होते, म्हणजे ३५ सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या. १ पीएसआय ही वरची हद्द. टायरमध्ये ३० च्या पुढे भरतो, आणि पंपवाल्याच्या गेजवर अर्धा पीएसआय दिसतही नाही. नुसते ५ पीएसआय गेले तर टाकीच्या ५० बाय ५० सेंमी पत्र्यावर साधारण ८७५ किलोचा जोर येतो. टाकी फुगते, सील सुटतं, प्रेशर सेन्सर जातो. म्हणजे एक गळती शोधायला निघून तीन नव्या करायच्या.

त्याहून वाईट गोष्ट आगीची. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असते तेव्हा पेट घेते. बंद टाकीतली वाफ एरवी त्याहून दाट असते, ठिणगी पडली तरी पेटायला हवा पुरत नाही. तुम्ही हवा कोंबता तेव्हा तीच वाफ पातळ करून नेमक्या पेटण्याच्या टप्प्यात आणता, आणि शेजारी कॉम्प्रेसरची मोटर ठिणग्या टाकत असते. म्हणून हे काम नायट्रोजनवर चालणाऱ्या, दाब आपोआप मर्यादित ठेवणाऱ्या स्मोक मशीनने, म्हणजे धूर सोडून गळती दाखवणाऱ्या यंत्राने, करतात.

गॅरेजात स्मोक टेस्ट होते तेव्हा शेजारी उभे राहून पुढच्या गोष्टी बघा. एक जरी सुटली तरी ‘लीक नाही साहेब’ असं उत्तर मिळतं. टाकी अर्धी असावी, गाडी गार असावी. व्हेंट व्हॉल्व एरवी उघडाच असतो. स्कॅनरने तो बंद करावा लागतो किंवा व्हेंटची नळी बुचाने बंद करावी लागते, नाहीतर सगळा धूर तिथून निघून जातो. धूर पर्जच्या बाजूने आत सोडायचा आणि झाकण उघडं ठेवायचं. पेट्रोल भरायच्या तोंडातून धूर दिसू लागला की पूर्ण सिस्टिम भरली, मग झाकण लावायचं. झाकण आधीच लावलं तर धूर टोकापर्यंत पोचत नाही. मशीनवरच्या फ्लोमीटरची (धुराचा प्रवाह दाखवणाऱ्या नळीतली) गोळी खाली बसली तर गळती नाही. ती तरंगत राहिली तर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. ०.५ मिमीच्या भोकातून धुराचा लोट येत नाही, उदबत्तीसारखा एक धागा येतो. दुपारचा समुद्रवारा किंवा पंखा चालू असेल तर तो दिसत नाही. शटर ओढा, पंखा बंद करा, टॉर्च तिरका धरा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा.

शोध कुठे घ्यायचा? किनाऱ्याकडच्या जुन्या गाड्यांत आधी मागच्या चाकाच्या आतल्या प्लास्टिक लायनरमागे. पेट्रोल भरायची नळी लोखंडी असेल तर तिच्यावर तिथे चिखल आणि मीठ साचून राहतं आणि ती बाहेरून दिसत नाही अशा जागी सुईच्या टोकाएवढी कुजते. त्यानंतर टाकीवरच्या फ्युएल पंपाच्या मोठ्या ओ-रिंगपाशी, खास करून पंप नुकताच बदललेला असेल तर. मग कॅनिस्टरच्या क्विक-कनेक्ट जोडांपाशी. पर्ज व्हॉल्व वेगळा तपासा: इंजिन गार, आयडलवर, कॅनिस्टरकडून येणारी नळी काढून व्हॉल्वच्या तोंडावर बोट ठेवा. तेव्हा ओढ लागायला नको. लागली तर व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते, ती बहुधा याचीच खूण.

टाकी कायम फुल ठेवण्याचा सल्ला वरून शहाणा वाटतो. पण ८५ टक्क्यांवर पेट्रोल असेल तर चाचणीच होत नाही, म्हणजे दिवा न लागणं याला दुरुस्ती समजायचं! शिवाय पत्रादेवी-दोडामार्गाकडच्या पंपांवर, गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून, नोझल ‘टक्’ करून बंद पडल्यावरही काठोकाठ भरून घ्यायची सवय आहे. तो टक् म्हणजे टाकी भरली, वर उरलेली जागा वाफेसाठी, याची खूण. त्यानंतरचं पेट्रोल वाफेच्या नळीने कॅनिस्टरमध्ये उतरू शकतं. कोळसा वाफ धरायला असतो, द्रव पेट्रोलमध्ये भिजला की त्याची धूळ सुटते आणि पर्ज व्हॉल्वच्या सीटवर जाऊन बसते. शंभर रुपयांचा आकडा गोल करण्याच्या नादात कॅनिस्टर आणि व्हॉल्व दोन्ही बदलावे लागतात.

पीयूसीचं थोडक्यात. ती मशीन सायलेन्सरच्या नळीत घालतात. तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, टाकीकडे कोणी बघत नाही. टाकीला भोक असलेली गाडी पीयूसी सहज पास होते. उलट बाजूही सांगायला हवी: एवढ्याशा गळतीने मायलेज पडत नाही, गाडी रस्त्यात बंदही पडत नाही. दिवा स्थिर असेल, पेट्रोलचा वास नसेल, तर चार दिवसांनी गॅरेज गाठलं तरी चालतं. वास येत असेल तर मात्र ती द्रव पेट्रोलची गळती असू शकते. मग गाडी घराच्या बंद पार्किंगमध्ये लावू नका आणि कोडची वाट बघू नका.

दुरुस्तीनंतर लगेच दिवा विझलेला दाखवला म्हणून पैसे देऊन मोकळे होऊ नका. टाकी अर्धी ठेवा, रात्रभर गाडी उभी करा, सकाळी नेहमीसारखी चालवा. चार-पाच दिवसांनी रेडिनेस पानावर इव्हॅपसमोर ‘कम्प्लीट’ आलं आणि पेंडिंग कोडही (एकदा नापास झालेला, पण अजून दिवा न लावलेला) नसला, तर भोक बुजलं.