बाप फणस नाही

व्हॉट्सॲपवर दर थोड्या दिवसांनी तोच मजकूर नव्याने फिरायला लागतो. कधी सूर्यास्ताच्या चित्रावर छापलेला, कधी मागे बासरी लावून कुणीतरी वाचलेला. आशय ठरलेला. माया आईच्या रक्तात असते. बापाचं काम कमावणं आणि धाक ठेवणं. पूर्वापार हे असंच चालत आलंय. बाप म्हणजे फणस, वरून काटे, आत गरे. तो बोलत नाही, रडत नाही, आतल्या आत सोसतो, म्हणून थोर. आणि जाता जाता टोला: हल्लीचे बाप लंगोट बदलतात, मुलांचे मित्र बनतात, म्हणून पोरं बिघडली.

टोल्याचं मला फारसं काही वाटत नाही. खटकते ती स्तुती. बापाला मखरात बसवायचं आणि त्याच वेळी घरातून हद्दपार करायचं, असं दुहेरी काम ती करते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

«मूल सांभाळणं बाईच्या रक्तात असतं, पुरुषाच्या नाही.»

गर्भारपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणं ही कामं बापाला करता येत नाहीत, यावर वाद नाही. पण मजकूर तिथे थांबत नाही. आंघोळ घालणं, झोपवणं, रात्री उठणं, रडण्यावरून भूक की पोटदुखी ते ओळखणं, हे सगळं तो त्याच यादीत दडपून बसवतो. आता रक्ताचाच विषय काढलाय, तर रक्तात काय सापडतं ते बघू.

फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांच्या टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची, पातळी सुरुवातीला मोजली आणि साधारण साडेचार वर्षांनी पुन्हा मोजली. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात जे बाप झाले, त्यांची पातळी इतरांपेक्षा ठळकपणे घसरली होती. त्यातही जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करत होते, त्यांची पातळी मुलाचं काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा कमी निघाली. «मऊ बाप म्हणजे कमी पुरुष» म्हणणाऱ्यांसाठी याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: सुरुवातीला ज्यांची पातळी जास्त होती, तेच पुढे बाप होण्याची शक्यता अधिक होती. मूल झाल्यावर, मूल हाताळताना, पुरुषाचं शरीर बदलतं. ही सोय निसर्गानेच करून ठेवली आहे, कुठल्या चळवळीने नाही.

मेंदूचंही तसंच. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबापांना त्यांच्याच बाळाची चित्रफीत दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. निष्कर्ष २०१४ साली आले. त्यात काही बाप असे होते, की त्यांच्या घरात आई नव्हतीच, दोन पुरुष मिळून मूल वाढवत होते. मुलाची मुख्य जबाबदारी अंगावर असलेल्या या बापांच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका आणि भावना टिपणारा भाग, आयांच्या इतकाच जागा झालेला दिसला. पहाटे तीनला बाळाने कूस बदलली तरी खडबडून जागं होणं याला आपण आईचं काळीज म्हणतो. बापाच्या खांद्यावर तेच काम टाकलं, तर त्याचाही मेंदू तशीच ड्युटी करायला लागतो.

रडण्याचं तर फारच बोलकं आहे. आपल्या बाळाचा आवाज इतर बाळांच्या रडण्यातून ओळखा, अशी परीक्षा फ्रेंच संशोधकांनी घेतली (२०१३). आया साधारण ९० टक्के वेळा बरोबर आल्या. बाळासोबत रोज चार तासांहून जास्त वेळ घालवणारे बापही तितक्याच वेळा बरोबर आले. कमी वेळ देणारे बाप मागे पडले. म्हणजे जे उपजत म्हणून सांगितलं जातं, त्यातला मोठा भाग सरावाचा निघाला. आईला सरावाची संधी पहिल्या दिवसापासून मिळते, किंबहुना तिच्यावर येऊन आदळते. बापाला ती दिलीच नाही, तर तो कच्चा राहणारच. मग तो कच्चा आहे म्हणून त्याच्या हातात बाळ द्यायचं नाही, हे चक्र फिरत राहतं.

यात आयांचा वाटा नाही असं नाही. लंगोट जरा वाकडा बसला, की «सरक, दे इकडे» म्हणून बाळ काढून घेतलं जातं. तिसऱ्यांदा असं झालं की बाप हात पुढे करायचा थांबतो, आणि मग तोच बाप नातेवाइकांत «याला काही जमत नाही» म्हणून विनोदाचा विषय होतो.

«पूर्वापार असंच चालत आलंय.»

कुठल्या पूर्वापार? मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्या आका लोकांमध्ये बॅरी ह्यूलेट या मानववंशशास्त्रज्ञाने बापांचं निरीक्षण केलं. दिवसाचा जवळजवळ अर्धा वेळ तिथले बाप तान्ह्या बाळाच्या हाताच्या अंतरावर असतात. आका शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगतात. म्हणजे «पूर्वापार» शब्दाला शोभेल असं जगणं कुठलं असेल, तर ते हेच.

बरं, इतक्या लांब जायचं नसेल तर कायद्याचा इतिहास चाळा. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात बऱ्याच काळापर्यंत लग्नातून झालेल्या मुलांवर हक्क बापाचा असे. नवरा-बायको वेगळे झाले, तर आईला मुलं भेटतील याचीसुद्धा हमी नव्हती. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे नवऱ्याने असेच नेले. तिने लिहून, ओळखीच्या खासदारांमागे लागून हा प्रश्न तापवला आणि १८३९ साली कायदा झाला, की सात वर्षांखालील मुलांचा ताबा आईला मागता येईल. मागता येईल, इतकंच! «लहान मूल आईकडेच शोभतं» हे आज आपण सूर्य पूर्वेला उगवतो इतक्या खात्रीने म्हणतो. कायद्याला ते सुचायला तेवढी वर्षं लागली.

कमावणारा आणि संध्याकाळी थकून घरी येणारा बाप ही त्याहूनही अलीकडची गोष्ट. शेती आणि कारागिरी घरातून चालत होती तेव्हा मूल दिवसभर बापाच्या पायात घुटमळत असे. कारखाने आले, काम घराबाहेर गेलं, त्याच्यासोबत बापही गेला. म्हणजे ज्याला परंपरा म्हणून हार घालतोय, ते मुळात कारखान्याच्या भोंग्याने ठरवलेलं वेळापत्रक आहे.

«बापाचा धाक नसला की पोरं हाताबाहेर जातात.»

गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथे वंश आईकडून चालतो. मुलांना शिस्त लावायची, रागवायचं, हे मामाचं काम. बाप लाड करणारा, अंगाखांद्यावर खेळवणारा. तिथली पोरं काही वाया गेली नाहीत. धाक ही बापपणाची अट असती, तर तो समाज केव्हाच कोसळायला हवा होता.

आणि शिस्त म्हणजेच धाक, हे समीकरणही कच्चं आहे. मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या तऱ्हा मांडल्या: नुसता हुकूम चालवणारे, सगळंच चालवून घेणारे, आणि तिसरे, ज्यांच्याकडे नियम ठाम असतात पण मुलाचं ऐकून घेतलं जातं, «का» सांगितलं जातं. मुलांच्या दृष्टीने तिसरी तऱ्हा बरी ठरत आल्याचं त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं. मजकूर पहिल्या दोनच तऱ्हा ओळखतो, म्हणून त्याला प्रेमळ बाप म्हणजे लगाम सुटलेला बाप वाटतो. «थांब, बाबा घरी येऊ देत!» या वाक्याने जो धाक तयार होतो, त्यात मूल चूक करायचं थांबत नाही, बाबाला कळू न द्यायला शिकतं.

«तो कमावतो, त्यागाने प्रेम करतो. आणखी काय हवं?»

या मुद्द्याला मी पटकन झटकणार नाही. पगार वेळेवर घरात येणं हे मुलासाठी फार मोठं सुख आहे, आणि दोन पाळ्या करून मुलाची फी भरणाऱ्या माणसाला «तू वेळ देत नाहीस» म्हणून हिणवणं निर्दयपणाचं आहे. पण बहुतेक बापांना वेळ द्यायचा नसतो, की देता येत नाही? नॉर्वेने १९९३ साली पालकत्व रजेतले चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले. त्याने घेतले नाहीत तर फुकट गेले. त्याआधी रजा घेणारे बाप शंभरात तीन-चार असायचे. काही वर्षांतच हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं. पुढे अर्थतज्ज्ञांनी याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट शोधली: ज्याच्या सहकाऱ्याला किंवा भावाला ही रजा मिळाली होती, तो स्वतःही रजा घेण्याची शक्यता वाढत होती, आणि भावाचा परिणाम सहकाऱ्यापेक्षाही जास्त होता. पुरुष एकमेकांकडे बघून धीर करतात.

याच्या उलट जपान. तिथे कायद्याने बापाला बरीच लांब रजा होती, तरी २०१२ साली ती घेणारे बाप दोन टक्केसुद्धा नव्हते. साहेब काय म्हणेल, बढती हुकेल, ही भीती. २०२२पासून मालकानेच कर्मचाऱ्याला रजेबद्दल विचारलं पाहिजे असं बंधन आलं, आणि २०२३ सालचा आकडा ३०.१ टक्क्यांवर पोचला. माणसं तीच. फक्त विचारायची जबाबदारी दुसऱ्यावर गेली.

आता घरातली बाजू. मायकेल लॅम्ब, जोसेफ प्लेक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात बापाच्या सहभागाचे तीन भाग पाडले: मुलासोबत प्रत्यक्ष काही करणं, हाकेच्या अंतरावर असणं, आणि जबाबदारी. पहिल्या दोन्हींत आजचे बाप बरेच पुढे आलेत. घोडं अडतं तिसऱ्यावर.

दवाखान्यातलं हे दृश्य कुणीही पाहिलं असेल. बाप बाळाला खांद्यावर घेऊन डुलवतोय, झकास जमलंय. डॉक्टर विचारतात, मागची लस कधी दिली? कुठल्या औषधाने पुरळ आलं होतं? बाप फोन काढतो, बायकोला लावतो आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवतो. ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून तारीख, औषधाचं नाव, किती मिली दिलं होतं, सगळं घडाघडा सांगते. बाप हजर आहे, प्रेमळ आहे, रजा टाकून आलाय. पण मुलाची फाइल अजून तिच्याच डोक्यात आहे. «मी बायकोला मदत करतो» असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. काम तिचं आहे हे त्याने गृहीत धरलेलं असतं, इतकंच.

«बाप नसलेलं घर अर्धं» असंही एक वाक्य मजकुरात असतं. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांना ते उगाच ऐकवू नये. त्या घरांचे हाल बहुतेकदा पैशाच्या ओढाताणीने आणि आधीच्या भांडणांनी होतात. मामा, आजोबा, सावत्र बाप, एखादा शेजारी, कुणीही त्यातलं पुष्कळ काही निभावतो.

राहिलं शेवटचं. «तो रडत नाही, आतल्या आत सोसतो.» याला थोरपण म्हणायचं असेल, तर त्याची किंमतही माहीत असू दे. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१० साली मांडलेल्या एका विश्लेषणानुसार, बायकोच्या गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या काळात साधारण १० टक्के बापांमध्ये नैराश्य आढळतं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना सगळ्यात जास्त. आईलाही नैराश्य असेल, तर बापाला असण्याची शक्यता वाढते. पुरुषांत ते नेहमी उदास चेहऱ्याने येत नाही. चिडचिड, उशिरापर्यंत ऑफिसात रेंगाळणं, वाढलेली दारू, बाळ रडलं की खोलीबाहेर निघून जाणं, असंही दिसतं, आणि घरचे त्याला «बापाचा स्वभावच कडक» म्हणून मोकळे होतात. बाळंतिणीचं नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरात तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली बापांसाठीही वापरता येते. पुरुष कमी बोलतात म्हणून नैराश्याचा संशय घ्यायची गुणांची मर्यादा थोडी खाली धरतात, एवढाच फरक. भरायला पाच मिनिटं लागतात. बाळाच्या तपासणीला बाप सोबत आलेला असतोच, तेव्हा तोच कागद त्याच्याही हातात द्यावा.