पाच पाकळ्यांचा जाच

झाडावर वसंत येतो तेव्हा कुणाला काही करावं लागत नाही. कागदावर तो आणायचा तर कात्री, पट्टी, कोनमापक आणि घरातल्या इतर माणसांची सहनशक्ती एवढं सगळं लागतं. हातानं शुभेच्छापत्र करा म्हणणारे लोक आपल्याला फुलं दाखवतात, कागद दाखवत नाहीत. माझ्या मते या प्रकरणातला खरा इसम कागदच आहे. त्याला स्वतःची दिशा असते, स्वतःची तहान असते, आणि आपल्या कलागुणांचं त्याला काडीचं कौतुक नसतं.

आधी दिशा. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच बाजूला तोंड करून निजतात. त्यांना समांतर घडी घातली की ती गुमान बसते. आडवी घातली की पाठ फुटते आणि रंगाच्या खालचा पांढरा गाभा बाहेर डोकावतो. ए४ कागदात हे तंतू बहुधा लांबीला समांतर असतात, आणि मोठं कार्ड करायला आपण तोच कागद मधोमध, म्हणजे नेमका तंतूंना आडवा, दुमडतो. मग कार्ड हातात येतं ते फुटक्या कण्याचं. तोच कागद आधी आडवा कापून १४८ बाय २१० मिलिमीटरचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला, तर १०५ बाय १४८ चं छोटं कार्ड होतं आणि त्याची घडी आपोआप तंतूंच्या दिशेनं पडते. लोकांना वाटतं छोटं कार्ड जमलं, आता मोठं करू. तिथेच घात होतो. खात्री करायची असेल तर कागद घडी न पाडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघावा. ज्या बाजूनं तो कमी कुरकुर करतो, ती त्याची मर्जी.

कार्डाला २०० ते ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन भरणारा कागद हवा. त्याहून पातळ असला तर कार्ड उभं न राहता लोटांगण घालतं. एवढा जाड कागद नुसत्या बोटांनी दुमडू नये. स्टीलची पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेननं आधी चर पाडावा. घरात शाई संपलेली पेनं मुबलक असतात, फक्त अशी गरज पडली की त्यांतलं प्रत्येक पेन लिहायला लागतं. चर पाडल्यावर मागच्या बाजूला जो उंचवटा येतो तो घडीच्या आत राहायला हवा, चर बाहेर. मनाला मात्र ‘चर आहे म्हणजे त्यातच दुमडायचं’ असं वाटतं, आणि जगातली निम्मी कार्डं त्यामुळे उलटी दुमडली जातात.

आता फुलं. वसंत म्हटलं की चेरीचा बहर हवाच. चेरीला पाच पाकळ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला बारीक खाच. खाच विसरलात तर ते प्लमचं फूल होतं, आणि हे सांगणारा एक तरी जाणकार आपल्या ओळखीत असतोच. अडचण पाच या आकड्याची आहे. चौकोनी कागद मध्यातून तीनदा निम्मा केला की चार पाकळ्या मिळतात, चारदा केला की आठ. पाच कधीच मिळत नाहीत. निम्मं करण्याच्या व्यवहारात पाच बसतच नाही.

त्यासाठी कोनमापक काढावा लागतो. दहा सेंटीमीटरचा चौकोन एकदा निम्मा दुमडायचा. दुमडलेल्या कडेच्या मध्यबिंदूवर कोनमापक ठेवून ३६, ७२, १०८ आणि १४४ अंशांवर खुणा करायच्या आणि त्या रेघांवर एक घडी पुढे, एक मागे अशी मुरड घालत जायचं. हातात दहा थरांची निमुळती चोच येते. तिची एक कड म्हणजे पाकळीचा मध्य, दुसरी म्हणजे दोन पाकळ्यांमधली फट. मध्याच्या कडेवर वरून सुरुवात करून गोलाईनं दुसऱ्या कडेकडे खाली उतरायचं, पण टोकापासून निदान एक सेंटीमीटर अलीकडे थांबायचं. कात्री उत्साहात टोकापर्यंत गेली की फुलाऐवजी सुट्या पाकळ्यांचा सडा पडतो. खाच उंच बाजूला द्यायची. खोल बाजूला दिली तर फट तेवढी रुंद होते आणि खाच कुठे गेली ते शोधत बसावं लागतं.

हे सगळं ८० जीएसएमच्या साध्या कागदावर किंवा त्याहून पातळ कागदावरच करावं. कार्डाच्याच जाड कागदाचे दहा थर म्हणजे पुठ्ठा, आणि त्यापुढे घरची कात्री हात टेकते. पातळ कागदातही थर सरकतात, म्हणून चोच चिमट्यानं आवळून धरावी. नाहीतर एक पाकळी हत्तीएवढी आणि तिच्या शेजारची मुंगीएवढी निघते, आणि आपण त्याला ‘नैसर्गिक’ म्हणतो.

गुलाब त्या मानानं सज्जन. दहा-बारा सेंटीमीटरचं वर्तुळ घेऊन त्याची सव्वा सेंटीमीटर रुंदीची नागमोडी चकली कापायची आणि बाहेरच्या टोकाकडून गुंडाळत यायचं. शेवटी मध्याचा गोल तुकडा उरतो, तो बुडाला चिकटवायचा. गुंडाळी सोडून जरा सैल होऊ द्यावी, तेव्हाच गुलाबाला गुलाबपण येतं. पण डिंक धरेपर्यंत बोट हलवायचं नाही, एवढी अट आहे. नाक नेमकं त्याच वेळी खाजतं. बोट काढलं की गुलाब इतका उमलतो की पुन्हा चकली होतो.

डिंकावरून आठवलं, आता तहान. पांढऱ्या डिंकात पाणी असतं. कागदाचे तंतू ते पितात आणि फुगतात, लांबीत थोडे, जाडीत पुष्कळ. म्हणून कागद एकाच दिशेला जास्त पसरतो, वाळताना आकसतो, आणि सकाळी सपाट ठेवलेलं कार्ड संध्याकाळी होडी होऊन बसलेलं असतं. वर आपल्याला वाटतं, थोडा आणखी डिंक लावला तर बसेल. बसत नाही, वल्ही तेवढी लावायची राहतात. मोठ्या पृष्ठभागाला दुहेरी चिकटपट्टी वापरावी. डिंक फक्त लहान भागांना, टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच लावावा. फुलपाखराला तर नुसत्या अंगाच्या रेघेवर डिंक, पंख मोकळे. पंखही चिकटवले की ते फुलपाखराचं चित्र होतं. जलरंगाचीही हीच कथा. ३०० जीएसएमखालच्या कागदावर पाणी सोडलं की त्यावर डोंगरदऱ्या उठतात, मग निसर्गचित्र वेगळं काढायला नको.

उघडल्यावर फूल उभं राहणाऱ्या कार्डाचा मोह सर्वांत वाईट, कारण तिथे गणित येतं. दुमडलेल्या कार्डाच्या घडीवरून आत दोन समांतर काप द्यायचे, दोन्ही सारख्या लांबीचे, आणि मधली पट्टी आत ढकलायची. तिची पायरी होते, फूल तिलाच चिकटवायचं. कार्ड मिटताना ही पायरी कापाच्या दुप्पट पुढे सरकते. काप ३० मिलिमीटरचा असेल तर मिटल्यावर ती घडीपासून ६० मिलिमीटरवर येते. छोट्या कार्डाची रुंदी १०५, म्हणजे उरले ४५. पायरीच्या वर फुलाचा चाळीसच्या आतबाहेर भाग निघाला तर ठीक. तुम्ही ऐटीत साठचा ट्यूलिप लावलात की तो मिटलेल्या कार्डातून मान बाहेर काढून कुणाची तरी वाट बघत राहतो.

चमकीबद्दल एवढंच सांगतो की ती लावू नका. ती कार्डावर सोडून सगळीकडे टिकते.

यानंतर पाकीट. या छोट्या कार्डाचं ठरलेलं पाकीट ११४ बाय १६२ मिलिमीटरचं, म्हणजे रुंदीत नऊ आणि लांबीत चौदा मिलिमीटरची मोकळीक. सपाट कार्डाला ती ऐसपैस होते. त्यावर फोम टेपचे दोन थर आणि एक गुलाब चढला की पाकीट पोटुशी दिसू लागतं आणि गुलाब आत पापड होतो. उठावाचं काम केलं असेल तर उथळ खोक्याला पर्याय नाही, आणि खोकं म्हणजे पुन्हा जाड कागद, पुन्हा चर, पुन्हा तंतूंची मर्जी.

आणि मजकूर आधी लिहा. पायरी कापल्यावर, फुलं चिकटवल्यावर आत लिहायला गेलं की पेन नेमकं कापात अडकतं आणि ‘शुभेच्छा’मधला ‘च्छा’ पलीकडच्या पानावर उमटतो. त्याहून शहाणपणाचं म्हणजे वेगळ्या पातळ कागदावर लिहायचं, तो प्रत्येक बाजूनं तीन मिलिमीटर लहान कापायचा आणि फक्त एका कडेला चिकटवायचा. शुद्धलेखनाची चूक निघाली तर तेवढंच पान बदलता येतं, आणि ऐन वेळी कार्ड दुसऱ्याच कुणाला द्यायचं ठरलं, तर नावही.