जन्मठेप चौदा वर्षांची नसते, आणि म्हातारा कैदी दोन भाकरींत भागत नाही

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला आणि दोन दिवसांत पारोळा, धरणगाव, चोपड्याच्या नातेवाइकांपर्यंत फिरला. मजकूर थोडक्यात असा: जन्मठेप म्हणजे कायद्याने चौदा वर्षं, मग खुनी आपोआप सुटतो, त्याआधीही तो पॅरोलवर घरीच असतो, त्याला पोसायला आपल्या कराचा पैसा जातो, म्हणून जन्मठेपवाले कितीही म्हातारे झाले तरी मरेपर्यंत आतच ठेवा, म्हाताऱ्याला लागतं काय, दोन वेळची भाकरी.

हा मेसेज माझ्या मावसबहिणीने वाचला, म्हणून लिहायला बसलो. तिचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, बांधाच्या भांडणात झालेल्या खुनासाठी जन्मठेप भोगताहेत. आत गेले तेव्हा साठीला होते, आता पंचाहत्तरीला टेकले. दिवाळीत त्यांची चौदा वर्षं भरली. मेसेज वाचून ताईने ओसरीलगतच्या खोलीला चुना मारून घेतला, बाजारातून नवी खाट आणली आणि मला फोन केला, "भाऊ, आबा आते घर येतीन ना?" मी अमळनेरच्या कोर्टात वकिली करतो, तरी फोनवर मला पटकन काही बोलता आलं नाही. ज्याने हे लिहिलं आणि ज्यांनी न वाचता पुढे ढकललं, त्यांना या खाटेबद्दल कळायला हवं.

चौदा वर्षांची गोष्ट 1961 सालीच निकालात निघाली आहे. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे सर्वोच्च न्यायालयात गेले होते. तुरुंगात मिळालेली शिक्षेतली सूट धरून माझी शिक्षा संपली, मला सोडा, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते फेटाळलं. जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य. सरकारने रीतसर आदेश काढून शिक्षा कमी केली तरच माणूस सुटतो, सूट साठली म्हणून आपोआप नाही. हा निकाल आजही उभा आहे. मग चौदाचा आकडा आला कुठून? 1978 साली फौजदारी प्रक्रिया संहितेत 433अ हे कलम घातलं गेलं, त्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच आता 475 आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सोडता येणार नाही, असं ते सांगतं. म्हणजे हा आकडा सरकारचा हात बांधण्यासाठी आहे. मेसेजवाल्याने त्याचा अर्थ बरोब्बर उलटा केला. चौदा भरली की फाइल विचारात घेता येते, एवढंच. पुढे महाराष्ट्राच्या नियमांत गुन्ह्याच्या प्रकारानुसार वेगवेगळी वर्षं आहेत आणि काही प्रकारांत ती चौदाच्या बरीच पुढे जातात.

पॅरोलचं फार सांगण्यासारखं नाही. पॅरोल म्हणजे काही कारणासाठी मिळणारी अभिवचन रजा, फर्लो म्हणजे ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणारी संचित रजा. दोन्हींत कैदी मुदत संपली की परत आत जातो. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे अभिवचन रजेचे दिवस शिक्षेत धरलेही जात नाहीत. जेवढे दिवस घरी, तेवढी शिक्षा पुढे. जामीनदार उभा करा, पोलीस ठाण्याचा अहवाल येऊ द्या, मग रजा. आबांच्या सख्ख्या बहिणीचा दहावा झाला, त्यानंतर त्यांचा कागद हलला.

आता त्या दोन भाकरींचं. मेसेजच्या वरच्या ओळीत कैद्यांवर पैसा जातो म्हणून ओरड आहे आणि खालच्या ओळीत त्यांना मरेपर्यंत ठेवा म्हणून आग्रह. दोन्ही ओळी एकाच माणसाने एका दमात लिहिल्या आहेत. पैसा वाचवायचा असेल तर सगळ्यात जास्त पैसा खाणाऱ्या कैद्याला मरेपर्यंत ठेवायचं कशाला? तरुण कैदी शेतीत, सुतारकामात, विणकामात राबतो. म्हाताऱ्याला औषधं लागतात, तपासण्या लागतात आणि सगळ्यात महाग म्हणजे पहारा लागतो.

मागच्या उन्हाळ्यात आबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. आठ दिवस ते सरकारी दवाखान्यात होते. लघवीची नळी लावलेली, कुशीवर वळायचं तरी दुसऱ्याचा हात लागायचा. त्या माणसावर तीन पाळ्यांत रात्रंदिवस पोलीस बसले होते. एक तरुण हवालदार स्वतःच त्यांना पाणी पाजत होता. मला म्हणाला, "वकीलसाहेब, हे कुठं पळणार? पण ड्यूटी सोडता येत नाही." दवाखान्यात नेणारी गाडी, पाळीपाळीने बसणारे पोलीस, त्यांचे पगार आणि त्या वेळात गावात न होणारा बंदोबस्त, हा सगळा खर्च भाकरीच्या हिशेबात येत नाही. आणि तुरुंगाच्या आत? आबांना मुलाखतीच्या खिडकीपर्यंत एक विशी-बाविशीचा कैदी हात धरून आणतो. काचेपलीकडून ताई फोनमध्ये ओरडून बोलते, त्यांना ऐकू येत नाही, ते प्रत्येक वाक्याला मान हलवतात. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266 होती आणि आत माणसं होती 5,73,220. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. इतक्या दाटीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ठेवायचं, तर त्याची शी-सू काढायलाही दुसरा कैदीच लागतो.

मेसेजमागचं एक मात्र मला मान्य करावं लागतं. सुटका कधीकधी वशिल्याने होते, ही लोकांची शंका हवेतली नाही. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा दोषींना ऑगस्ट 2022 मध्ये गुजरात सरकारने सोडलं आणि बाहेर त्यांचे सत्कार झाले. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, म्हणून निर्णय घेण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नाही, असं न्यायालय म्हणालं. रजेवर गेलेले काही कैदी फरारही होतात. आणि ज्याचा खून झाला, त्याची बायको आमच्याच गावात, आबांच्या घरापासून चार दारं सोडून राहते. तिला काय वाटतं हे विचारल्याशिवाय आबांना सोडा असं मी म्हणणार नाही. पण याचं उत्तर प्रत्येक माणसाची नीट चौकशी करणं हे आहे. 2000 सालच्या लक्ष्मण नस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीचे प्रश्न घालून दिले आहेत. गुन्ह्याचा समाजावर परिणाम झाला की तो तेवढ्यापुरता होता, पुन्हा घडण्याची शक्यता आहे का, गुन्हा करण्याची कुवत उरली आहे का, आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, घरची परिस्थिती काय. पंचाहत्तरीच्या, ऐकू न येणाऱ्या माणसाबाबत हे प्रश्न विचारून तरी बघा.

ज्याला बाहेर कोणीच नाही अशा म्हाताऱ्याला नुसतं गेटबाहेर उभं करणं हीही क्रूरताच. त्याच्यासाठी वृद्धाश्रम बघावा लागेल आणि त्यालाही पैसा लागेल. आबांचं तसं नाही. त्यांना सून आहे, खोली आहे, खाट आहे.

ज्यांच्या घरचं कोणी आत आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा: फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, राज्याचं मुदतपूर्व सुटकेचं धोरण असेल तर पात्र कैद्याने अर्ज केला नसला तरी सरकारने त्याचा विचार करायलाच हवा. तेव्हा मेसेजच्या भरवशावर थांबू नका. तुरुंगाच्या कार्यालयात विचारा: प्रस्ताव तयार झाला का, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवलं का, पोलीस ठाण्याचा अहवाल कुठे अडकला. आबांचा अहवाल ठाण्यातून अजून निघालेला नाही, हे मला काल कळलं. सोमवारी ताईला घेऊन तिथे जातोय.