लाईक पेजला की फोटोला?

गणपतीत घरातले सगळे आरतीला उभे असतात, तेव्हा मी फोन घेऊन जिन्यात उभा असतो. रेंज जिन्यातच येते आणि आम्हाला लाईक हवे असतात. गावातलं एक साड्यांचं दुकान दरवर्षी फेसबुकवर घरगुती आरास स्पर्धा घेतं, पहिलं बक्षीस पैठणी. आरास आई करते, फोटो बहीण काढते आणि स्पर्धेचे नियम वाचणं माझ्याकडे असतं. तिघांत सगळ्यात कष्टाचं काम माझं आहे, हे घरात कुणाला पटत नाही.

पूर्वी हा ताप नव्हता. फेसबुकवर स्पर्धा घ्यायची तर वेगळं ॲप लागायचं, आणि साडीच्या दुकानाला ते कुठून परवडणार? 27 ऑगस्ट 2013 ला फेसबुकने ती अट काढली. पेजवरच फोटो मागवा, लाईक मोजा, विजेता जाहीर करा. त्या वर्षी गणपती 9 सप्टेंबरला होते. एवढ्या मुदतीत गावातली दुकानं, मंडळं आणि वॉर्डातले इच्छुक उमेदवार असे सगळेच परीक्षक झाले.

ॲपवाल्या मोठ्या स्पर्धांची तऱ्हा वेगळी. आधी पेज लाईक करा, मग फॉर्म उघडेल. बक्षिसाच्या आशेने मी एक बोअरवेलवाला, दोन मंगल कार्यालयं आणि एक ट्रॅक्टरची एजन्सी लाईक करून बसलो. शेत नाही, लग्न ठरलेलं नाही. पण नांगरणीच्या हंगामातल्या सवलती मला आजही सगळ्यांच्या आधी कळतात. 5 नोव्हेंबर 2014 पासून फेसबुकने अशी सक्ती बंद केली. ऐन तुळशीच्या लग्नाच्या गडबडीत! दिवाळीतल्या किल्ले स्पर्धा तोवर उरकल्या होत्या, त्यामुळे दुखवटा कुणी पाळला नाही. आमच्या दुकानाने पुढच्या वर्षी नियमावलीत लिहिलं, ‘पेज लाईक करणे सक्तीचे नाही, अपेक्षित आहे.’ खाली बारीक अक्षरात, ‘या स्पर्धेशी फेसबुकचा कोणताही संबंध नाही.’ हे वाक्य घालावंच लागतं, फेसबुकचा तसा नियम आहे. लग्नपत्रिकेतल्या ‘कृपया आहेर आणू नये’इतकंच ते मनापासून लिहिलेलं असतं.

खरी परीक्षा नातेवाइकांची असते. मी कुटुंबाच्या ग्रुपवर लिंक टाकतो आणि खाली लिहितो, ‘आधी पेज, मग फोटो. फक्त फोटो लाईक केल्यास मत धरलं जाणार नाही.’ पाच मिनिटांत काकांचा अंगठा येतो. ग्रुपवर.

‘अहो काका, इथे नाही, लिंक उघडून तिथे करायचा.’

‘केला की रे. निळा झालाय.’

काकांचा निळा झालेला अंगठा नंतर दुकानाच्या कव्हर फोटोवर सापडला. आत्या त्यांच्याही पुढची. तिने आमचा फोटो स्वतःच्या भिंतीवर शेअर केला, वर ‘माझ्या वहिनीची कला’ असं लिहिलं, आणि तिच्या भिशीतल्या झाडून सगळ्या बायकांनी तिथे बदाम टाकले. शेअर केलेल्या पोस्टवरचे लाईक मूळ फोटोला मिळत नाहीत. हे आत्याला समजावताना माझी एक अख्खी आरती बुडाली. ‘म्हणजे माझ्या मैत्रिणी काय मोजायच्या नाहीत?’ या प्रश्नाला फेसबुकच्या मदत विभागात उत्तर नाही.

बरं, ‘आपल्या भिंतीवर शेअर करा’, ‘पाच मित्रांना टॅग करा’ या अटी फेसबुकच्या नियमांत मुळात बसतच नाहीत. शेअरची अट तर 2013 ची सूट मिळाली तेव्हाही बसत नव्हती. पण नियमबाह्य अट पाळली नाही तर स्पर्धेतून बाद कोण होणार? आपणच. दुकानदाराला कोण विचारतो!

मग डिसेंबर 2017 आला. ‘लाईक करा, शेअर करा, टॅग करा’ असा जोगवा मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलणार, असं फेसबुकने जाहीर केलं. पुढच्या गणपतीत दुकानाची स्पर्धा सुरू झाली ती कुणालाच दिसेना. दुकानातल्या हुशार पोराने तोडगा काढला, ‘ला ई क’ असं सुटं सुटं लिहिलं. त्याच 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आईची माळ्यावरची महिरप रातोरात बेकायदा ठरली. तिने पुठ्ठ्याचं मखर केलं आणि पोराने अक्षरं तोडली.

हा नाद आमच्या रक्तातच असावा. आजोबा बक्षिसाची शब्दकोडी सोडवायचे. 1955 च्या केंद्राच्या कायद्याने त्या धंद्याला महिन्याला हजार रुपयांच्या बक्षिसाची आणि दोन हजार प्रवेशिकांची मर्यादा घातली, ते त्यांनी शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं होतं. आई दूरदर्शनवरच्या ‘सुरभि’ला उत्तरं पाठवायची. साधं पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळायचं. लोकांनी टपाल खात्यावर कार्डांचा एवढा पाऊस पाडला, की खात्याने स्पर्धेसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्डच काढलं. ‘पण पोस्टमनला निदान कार्ड कुठे टाकायचं हे ठाऊक होतं,’ असं आई काकांकडे बघून म्हणते.

आता सगळा कारभार इन्स्टाग्रामवर गेलाय. रील हवं, दुकानासोबत कोलॅब, म्हणजे दोघांच्या नावाने एकच पोस्ट हवी. भाचा म्हणाला, एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, प्रयत्न करू. तिथे 2024 पासून कुणी कुणाला लाईक केलं ते पोस्ट टाकणाऱ्याशिवाय इतरांना दिसत नाही. आईने तो पर्याय तिथल्या तिथे फेटाळला. कुठल्या नणंदेने लाईक केलं नाही हेच कळणार नसेल तर सण कशाला करायचा?

स्पर्धा वाढल्या तसे भामटेही वाढले. दुकानाच्या नावात एक अक्षर जास्तीचं घालून पेज काढायचं, लोगो तोच ठेवायचा आणि स्पर्धकांना निरोप धाडायचे, ‘अभिनंदन! बक्षीस मिळवण्यासाठी कार्डाचा नंबर द्या.’ शेजारच्या एका आजोबांनी ओटीपीसुद्धा देऊन टाकला होता. म्हणून मी आईला पढवून ठेवलं, की ज्या निरोपाची सुरुवात ‘अभिनंदन’ने होते तो उघडायचाही नाही.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीनंतर तिला एक निरोप आला. ‘अभिनंदन काकू, आधार कार्डाची प्रत घेऊन 48 तासांत दुकानात या.’ आईने उत्तर दिलं, ‘लाज वाटत नाही का? शिकलेल्या घरातली दिसतेस.’ आणि ब्लॉक केलं. त्या मुलीने मग फोन केला. आईने तिला सायबर पोलिसांची धमकी दिली आणि दुपारभर ती गोष्ट सोसायटीत सगळ्यांना सांगितली.

मुलगी दुकानातलीच होती. मुदत टळली आणि पैठणी दुसऱ्या क्रमांकाच्या, मागच्या गल्लीतल्या कुलकर्णी काकूंना गेली. त्यांच्या फोटोला घरातल्या सगळ्यांच्या फोनवरून लाईक आईनेच करायला लावले होते. म्हणाली होती, ‘आपण केले की त्याही करतील.’