भिंतींबरोबर तालमीची जागाही उभी राहू दे

आगीत जळालेल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाची वास्तू होती तशीच उभी करावी, हा त्यावरच्या लेखातला मुद्दा शंभर टक्के पटला. ८ ऑगस्ट २०२४ ची ती आगीची रात्र कोल्हापूरकर विसरूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती, आणि आम्ही खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला उभे राहून जळकं लाकूड बघत होतो. शेजारी उभे असलेले एक आजोबा नुसतं "इथंच पहिल्यांदा तोंडाला रंग लावला" एवढंच म्हणत राहिले.

पण फक्त दर्शनी भाग सजवून भागणार नाही. शाहू महाराजांनी १९१५ साली हेच नाट्यगृह पॅलेस थिएटर या नावानं उभं केलं आणि त्याला लागूनच खासबागेचं कुस्तीचं मैदान दिलं. पैलवानाला आपल्या गावात पेठापेठांत तालीम आहे. नटाला कुठाय? आमचा हौशी संघ राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी एका शाळेच्या वर्गात करतो. रोज रात्री बाकं भिंतीला लावायची, खडूनं जमिनीवर दरवाजा-खिडकी आखायची, निघताना सगळं पुसून बाकं परत जागेवर. महिनाभर हेच.

म्हणून नाट्यगृहाच्या आवारात परवडेल अशा भाड्यात तालमीची एक मोठी खोली द्याच. सकाळी शाळेतल्या पोरांना मोकळी, रात्री हौशी संघांना. आणि भाडं ठरवताना लावणीवाल्या, भजनी मंडळं, बँडवाले यांनाही बोलवा, नुसते आम्ही नाटकवाले नकोत.