गडावरची माणसं उठवून गड जपता येत नाही

"पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला. आता तरी गडावरची घरं आणि झुणका-भाकरीच्या टपऱ्या उठवा. फ्रान्समध्ये ऐतिहासिक गावं कशी जपतात, ते तू सांग रे यांना." आमच्या घरच्या ग्रुपवर पुण्याच्या दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने हे लिहिलं, तेव्हापासून माझं डोकं शांत नाही. त्याच ग्रुपवर आमची धाकटी मावशी आहे. तिची चूल गडावरच पेटते. तिने वाचलं आणि काही लिहिलं नाही.

अकरा वर्षं तुलूजला राहतोय, म्हणून सांगतो. पण दादाला हवं ते नाही.

ऑक्टोबरात काँकला गेलो होतो. अव्हेरों भागात, डोंगराच्या कुशीतलं एवढंसं गाव. छपरांवर कौलांऐवजी दगडाच्या पातळ चिपा आणि मधोमध सेंत फ्वाचं मठाचं चर्च. दारावरच्या कमानीत शेवटच्या निवाड्याचा देखावा कोरलाय, सव्वाशेच्या आसपास आकृत्या. मला सोडवेनात ती कमानीच्या कडेची चिमुकली डोकी. दगडी कडा दोन्ही हातांनी धरून नुसती नाकापर्यंत वर आलेली, खाली काय चाललंय ते बघणारी. आजोळी आम्ही पोरं माडीच्या कठड्यावरून पाहुणे आले की असेच डोकवायचो.

या चर्चचा सोन्याने मढवलेला खजिना आज तिथं आहे तो कुणामुळे? राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता जप्त होऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी वस्तू आपापसात वाटून घरांत, बागांत लपवल्या आणि पुढे परत आणून दिल्या. मोडकळीला आलेल्या इमारतीकडे सरकारचं लक्ष वेधणारा ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे आला तो 1837 साली. सरकार नंतर आलं, दादा. आधी गाव होतं.

आणि हे गाव बरणीत घालून ठेवलेलं नाही. 1994 साली चर्चला नव्या काचा बसल्या, चित्रकार पिएर सुलाजच्या. तो शेजारच्या रोदेझचा. शंभरावर खिडक्या, रंग नाही, चित्र नाही, नुसत्या काळ्या रेघा आणि दुधी उजेड. आधी लोक नाराज होते. मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती, तीच काच एका बाजूला निळसर आणि दुसरीकडे केशरी झाली होती.

नियम इथे कडकच आहेत. स्मारकापासून 500 मीटरात खिडकीच्या झडपांचा रंग बदलायचा तरी सरकारी वास्तुतज्ज्ञाची मान्यता लागते. पण तो माणूस रंग कुठला ते सांगतो, घर सोडा म्हणत नाही. आपल्याकडे पुरातत्त्व कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीपासून केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूच्या 100 मीटरात नवं बांधकामच बंद, त्यापुढचे 200 मीटर परवानगीने. गडावरच राहणाऱ्याने पोराच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची कुठे? आम्हाला उठवणार, ही तिथल्या लोकांची धास्ती दादाला अडाणीपणा वाटते. मला ती अगदी रास्त वाटते. टपऱ्यांना शिस्त लावा, प्लास्टिक बंद करा, कौल कुठलं हवं ते ठरवून द्या आणि त्याला पैसेही द्या. पण अंधार बावेचा, त्या जुन्या विहिरीचा, रस्ता विचारायला गडावर माणूस राहू दे.

हे सगळं मी दादाला लिहिलं. एक गोष्ट मात्र गाळली. चर्चच्या मागच्या गल्लीत ओळीने सात घरं बंद होती. झडपांच्या कड्या गंजलेल्या, उंबऱ्यावर वाळका पाला. नियम सगळे पाळलेले, छपरं शाबूत आणि आत कुणी नाही. मी तिथून भराभर निघून आलो.

कारण आजीच्या घरातली माडीची खोली आईमागे माझ्या वाट्याला आली आहे. ती सहा वर्षं बंद आहे. किल्ली इथं तुलूजला, किचनच्या ड्रॉवरमध्ये, मेट्रोच्या जुन्या कार्डांखाली. दादा निदान दिवाळीत एकदा गडावर जातो. मी टपरीच्या बाजूने भांडतो आणि मावशीच्या हातची भाकरी शेवटची कधी खाल्ली, ते मला आठवून सांगावं लागतं.

काल रात्री मावशीचा निरोप आला, फक्त मला. दादाबद्दल अवाक्षर नाही. "माडी गळतीया रं. मिरगाच्या आत शाकारून घ्याय पायजे. तू येतोयस का मी माणूस लावू?"

'माणूस लाव, पैसे पाठवतो' असं लिहिलं, आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं.